अमेरिकेत नोकरी आहे, घर आहे. मग सुट्टीवर भारतात आलेला माणूस परत का जाऊ शकत नाही?

समजा एक जोडपं आहे. दोघंही मूळचे पुण्याचे, आता न्यू जर्सीत राहतात. तो एच-१बीवर एका आयटी कंपनीत कामाला, ती एच-४वर. तीन वर्षांची मुलगी तिथेच जन्मलेली. डिसेंबर २०२५ मध्ये सख्ख्या भावाचं लग्न होतं, म्हणून सुट्टी काढून तिघं कोथरूडला आले. पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपलेली होती. त्यामुळे लग्न उरकायचं, १८ डिसेंबरला मुंबईत बीकेसीच्या अमेरिकन वकिलातीत स्टॅम्पिंग करायचं आणि २७ तारखेला विमानात बसायचं, असा साधा बेत.

आणि मग मेल आला. तुमची मुलाखत पुढे ढकलली आहे, नवी तारीख मार्चमधली. पाठोपाठ भारतातल्या अमेरिकन दूतावासाने जाहीरच केलं की असा मेल आलेला असताना जुन्या तारखेला कुणी आलं, तर आत सोडलं जाणार नाही.

हे जोडपं आम्ही विषय समजावा म्हणून रचलंय, पण मेल खरा आहे. डिसेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यापासून असे मेल भारतभर अनेकांना आले. कुणी लग्नाला आलं होतं, कुणी आईच्या ऑपरेशनला, कुणी वडिलांच्या वर्षश्राद्धाला.

अशा बातमीखाली एक कमेंट हमखास असते. 'व्हिसा संपला होता ना? मग तिथे बेकायदेशीरच राहत होते की!'

नाही. पूर्ण कायदेशीर राहत होते. सगळी गोची इथेच आहे.

व्हिसा वेगळा, स्टेटस वेगळं

आपण बोलताना 'व्हिसा' हा एकच शब्द वापरतो. अमेरिकेच्या कायद्यात मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या देणारी खातीही वेगळी आहेत.

पासपोर्टवर चिकटवलेला व्हिसा देतं परराष्ट्र खातं, म्हणजे दूतावास आणि वकिलाती. त्याचा उपयोग एकच. तो दाखवून तुम्ही अमेरिकेच्या दारापर्यंत जाता आणि आत सोडा अशी विनंती करता. विमानतळावर जो अधिकारी शिक्का मारतो तो गृहसुरक्षा खात्याचा. तो तुमची आय-९४ नावाची नोंद करतो आणि त्यावर तारीख घालतो. या तारखेपर्यंत तुम्ही देशात राहू शकता. हे झालं स्टेटस. नोकरी बदलली किंवा मुदत वाढवायची असली तर कंपनी इमिग्रेशन खात्याकडे अर्ज करते, ज्याला सगळे पेटिशन म्हणतात. ते मंजूर झालं की आय-७९७ नावाचा कागद मिळतो आणि त्यालाच बहुतेकदा नवी आय-९४ जोडलेली असते. म्हणजे स्टेटस देशातल्या देशात वाढलं. पासपोर्टवरचा जुना व्हिसा मात्र तसाच, मुदत संपलेला.

नाट्यगृहाचं उदाहरण घ्या. दारात तिकीट फाडलं की आत खुर्चीवर बसल्यावर कुणी तिकीट विचारत नाही. मध्यंतरात बटाटेवडा खायला आवाराबाहेर गेलात, की परत येताना दारावरचा माणूस विचारणारच. अमेरिकेच्या नाट्यगृहात फरक इतकाच की तो अर्धं फाडलेलं तिकीट चालवून घेत नाही. नवं आणा म्हणतो. आणि तिकीटखिडकी असते तुमच्या मूळ देशात.

म्हणून दहा वर्षं अमेरिकेत राहणारा, कर भरणारा, घराचे हप्ते फेडणारा माणूस मुदत संपलेल्या व्हिसावर निवांत राहू शकतो. फक्त देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलंच तर परत येण्यासाठी तो पुन्हा रांगेत उभा.

एच-१बी पहिल्यांदा जास्तीत जास्त तीन वर्षांसाठी मिळतो, नंतर एकूण सहा वर्षांपर्यंत वाढतो, आणि ग्रीन कार्डच्या प्रक्रियेत आय-१४० नावाचा टप्पा मंजूर असेल तर सहाच्या पुढेही वाढत राहतो. म्हणजे साधारण दर तीन वर्षांनी, किंवा नोकरी बदलल्यावर, 'पुढच्या इंडिया ट्रिपमध्ये स्टॅम्पिंग करावं लागेल' हे वाक्य घराघरात येतं. एच-१बीच्या मंजूर अर्जांमध्ये भारतीयांचा वाटा २०२४ च्या आर्थिक वर्षात सुमारे ७१ टक्के होता. महाराष्ट्र, गोवा, गुजरात, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड या राज्यांसाठीची वकिलात मुंबईतली. त्यामुळे नियम वॉशिंग्टनमध्ये बदलतो आणि धावपळ होते नाशिक, सांगली, मडगावमधल्या घरांत.

ही अडचण जुनी, मग आत्ताच का पेटली?

कारण इतकी वर्षं या कडक नियमाला पळवाटा होत्या. बेकायदेशीर नव्हेत, खुद्द अमेरिकेनेच दिलेल्या. २०२५ मध्ये त्या एकामागून एक बंद झाल्या.

पहिली वाट होती ड्रॉपबॉक्स. आधी व्हिसा मिळालेला असेल तर मुलाखतीला न जाता कागदपत्रं जमा करायची, काही दिवसांनी पासपोर्ट शिक्क्यासह परत. कोविडच्या काळात ही सवलत बरीच वाढली होती. २ सप्टेंबर २०२५ पासून ती मोजक्या प्रकारांपुरती उरली आणि एच-१बी, एच-४ त्यातून बाहेर पडले. आता प्रत्येकाला मुलाखत. लहान मुलांनाही.

दुसरी वाट, तिसऱ्याच देशात जाऊन स्टॅम्पिंग. भारतात तारखा मिळत नसल्या की लोक कॅनडा, मेक्सिको, युरोपातल्या एखाद्या शहरात अर्ज करायचे. ६ सप्टेंबर २०२५ ला परराष्ट्र खात्याने सांगितलं की अर्ज आपल्या नागरिकत्वाच्या किंवा वास्तव्याच्या देशातच करा. भारतीयासाठी याचा अर्थ दिल्ली, मुंबई, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता.

तिसरी वाट अजून सुरू आहे, पण ती भारतात यायला उपयोगाची नाही. व्हिसा संपलेला असला तरी आय-९४ चालू असेल, तर कॅनडा किंवा मेक्सिकोत ३० दिवसांपर्यंत जाऊन परत येता येतं. अट अशी की त्या मुक्कामात तिथल्या अमेरिकन वकिलातीत नव्या व्हिसासाठी अर्ज करायचा नाही. नायगरा धबधबा पलीकडच्या बाजूने बघून येता येईल, आजीला भेटता येणार नाही.

या सगळ्यावर कडी झाली १५ डिसेंबर २०२५ ला. त्या दिवसापासून एच-१बी आणि एच-४च्या प्रत्येक अर्जदाराची 'ऑनलाइन उपस्थिती' तपासण्याचा नियम लागू झाला. विद्यार्थ्यांना हा नियम जून २०२५ पासून होताच. सोशल मीडियावरची खाती 'पब्लिक' करायची, म्हणजे अधिकाऱ्याला पोस्ट, फोटो, प्रोफाइल पाहता येतील. गेल्या पाच वर्षांत वापरलेली हँडल्स व्हिसाच्या फॉर्ममध्ये लिहायची सक्ती २०१९ पासून आहे, ती वेगळीच. नियम जाहीर झाला ३ डिसेंबरला, लागू झाला १५ ला. मध्ये १२ दिवस. तोवर नाताळच्या सुट्टीसाठी निघालेले कितीतरी जण भारतात उतरलेले होते.

प्रत्येक अर्जावर जास्त वेळ जाणार म्हणून दिवसाला होणाऱ्या मुलाखती कमी केल्या गेल्या. डिसेंबरच्या मध्यापासूनच्या तारखा मार्च २०२६ आणि त्यापुढे ढकलल्या गेल्या. पूर्वी वेळ वाचवण्यावर भर असेल, आता प्रत्येक अर्ज कसून तपासण्याला प्राधान्य आहे, अशी परराष्ट्र खात्याची भूमिका.

त्यात आणखी एक गोष्ट बाहेर आली. रॉयटर्सच्या बातमीनुसार, परराष्ट्र खात्याने अधिकाऱ्यांना सूचना दिली की एच-१बी अर्जदाराचा बायोडेटा आणि लिंक्डइन बघा, आणि त्याने कंटेंट मॉडरेशन, फॅक्ट-चेकिंग अशा क्षेत्रांत काम केलंय का ते तपासा. अभिव्यक्तीच्या सेन्सॉरशिपला हातभार लावला असं दिसलं तर व्हिसा नाकारता येईल. फॅक्ट-चेक हे ज्यांचं रोजचं काम आहे अशा आमच्यासारख्यांना ही बातमी दोनदा वाचावी लागली.

अडकलेल्या माणसाचं नेमकं काय होतं?

वाट बघायची, तीन महिन्यांनी जायचं, त्यात काय एवढं, असं वाटू शकतं. आपल्या कोथरूडच्या जोडप्याकडे परत येऊ.

मुलीकडे अमेरिकन पासपोर्ट आहे. ती २७ तारखेच्या विमानात बसू शकते. तिचे आईवडील बसू शकत नाहीत. न्यू जर्सीतलं भाडं, गाडीचा हप्ता आणि डे-केअरची फी सुरूच आहे. त्याची सुट्टी संपली की कंपनीला विचारावं लागतं, इथून काम करू का? कंपनी लगेच हो म्हणत नाही, कारण महिनोन्महिने भारतात बसून काम केलं की पगारावरचा कर कुठे भरायचा, कंपनीवर भारतात कर लागू होतो का, काही तंत्रज्ञान देशाबाहेर उघडायला परवानगी लागते का, असे प्रश्न तिच्या वकिलांसमोर येतात.

ॲमेझॉनचं उदाहरण बोलकं आहे. बिझनेस इनसायडरने दिलेल्या बातमीनुसार, भारतात अडकलेल्या कर्मचाऱ्यांना ॲमेझॉनने २ मार्च २०२६ पर्यंत इथून काम करायची मुभा दिली. पण कोडिंग करायचं नाही, टेस्टिंग करायचं नाही, महत्त्वाचे निर्णय घ्यायचे नाहीत, करारावर सही करायची नाही, कंपनीच्या भारतातल्या ऑफिसात जायचं नाही. सॉफ्टवेअर इंजिनिअरने कोडिंग सोडून काय करायचं, हा प्रश्न उरतोच. गुगल, ॲपलसारख्या कंपन्यांशी काम करणाऱ्या वकिलांच्या फर्म्सनी तर सरळ सांगून टाकलं, की स्टॅम्पिंग लागणार असेल तर देशाबाहेर जाऊच नका. छोट्या कंपनीत, किंवा कन्सल्टन्सीमार्फत क्लायंटकडे काम करणाऱ्याला एवढीही मुभा मिळेलच असं नाही.

आणि याच काळात नोकरी गेली तर?

इथे दोन नियम एकमेकांत अडकतात. त्यांची चर्चा फार होत नाही, पण खरा धोका तिथे आहे. अमेरिकेत असताना एच-१बीवाल्याची नोकरी गेली तर नवी शोधायला ६० दिवसांपर्यंत सवलत मिळते. नवी कंपनी त्या काळात पेटिशन करते आणि माणूस तिथेच राहतो. ही सवलत देशाच्या आत असणाऱ्यांसाठी आहे. भारतात अडकलेल्याला ६० दिवस नसतात.

दुसरा नियम एक लाख डॉलरचा. १९ सप्टेंबर २०२५ च्या जाहीरनाम्याने एच-१बीच्या नव्या पेटिशनवर एक लाख डॉलर, म्हणजे रुपयांत नव्वद लाखांच्या घरातलं शुल्क लावलं. ऑक्टोबरमध्ये इमिग्रेशन खात्याने खुलासा केला: जो माणूस अमेरिकेबाहेर आहे आणि ज्याच्याकडे चालू एच-१बी व्हिसा नाही, त्याच्यासाठीच्या नव्या पेटिशनला हे शुल्क लागू. अमेरिकेत राहून मुदत वाढवणाऱ्यांना किंवा स्टेटस बदलणाऱ्यांना नाही.

आता ही व्याख्या पुन्हा वाचा. देशाबाहेर, आणि व्हिसा संपलेला. स्टॅम्पिंगसाठी भारतात अडकलेला माणूस नेमका यातच बसतो. जुनी नोकरी आणि तिचं पेटिशन शाबूत आहे तोवर त्याला काही नाही. पण ती नोकरी गेली, की त्याला घेऊ पाहणाऱ्या नव्या कंपनीपुढे एक लाख डॉलरचा प्रश्न उभा राहतो. तोच माणूस, तेच कौशल्य, तोच पगार. एडिसनमध्ये बसून अर्ज केला तर शुल्क नाही, कोथरूडमध्ये असताना केला तर आहे. शुल्कातून सूट आहे, पण ती क्वचितच मिळेल असं खात्याने स्वतःच म्हटलंय. पेटिशनची मुदत अडकलेल्या काळात संपली, तरी जवळपास हीच गत.

एक छोटा दिलासा आहे. देशाबाहेर घालवलेले दिवस सहा वर्षांच्या मर्यादेत धरले जात नाहीत, पुराव्यासह ते परत मागता येतात.

त्या शनिवारी काय झालं होतं

एक लाख डॉलरच्या जाहीरनाम्याचं पहिलं रूप आठवतंय? शुक्रवारी संध्याकाळी सही झाली. अंमल रविवारी मध्यरात्रीनंतर एका मिनिटाने, म्हणजे आपल्याकडे २१ सप्टेंबरला सकाळी ९ वाजून ३१ मिनिटांनी. त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती, दुसऱ्या दिवशी घटस्थापना. नवरात्रासाठी घरी आलेल्यांना आणि यायला निघालेल्यांना मोठ्या कंपन्यांनी निरोप पाठवले, की बाहेर असाल तर मुदतीच्या आत परत या, आत असाल तर हलू नका. तिकिटांचे भाव चढले. सॅन फ्रान्सिस्कोत सुटायच्या बेतात असलेल्या विमानातून प्रवासी उतरल्याच्या बातम्या आल्या.

अमेरिकेचे वाणिज्य मंत्री सुरुवातीला म्हणाले होते की शुल्क दरवर्षी लागेल. दुसऱ्या दिवशी व्हाइट हाउसने सांगितलं, एकदाच लागेल, फक्त नव्या पेटिशनला, ज्यांच्याकडे आधीच व्हिसा आहे त्यांनी बिनधास्त ये-जा करावी. तोवर चोवीस तास लोकांनी ज्या अवस्थेत काढले, त्याची भरपाई अर्थातच कुणी केली नाही.

कुणाला आत घ्यायचं हे ठरवायचा अधिकार त्या देशाचा. एच-१बीचा वापर स्वस्तात माणसं आणायला होतो, हा अमेरिकेतला आक्षेपही हवेतला नाही, काही कन्सल्टन्सी कंपन्यांनी तो खरा करून दाखवलाय. तपासणी करू नका असं कुणी म्हणत नाही. पण लोक निघण्याआधी सांगणं आणि पोचल्यावर सांगणं, यात फरक आहे. ज्यांनी चालू नियमानुसार तारीख घेतली, फी भरली, तिकीट काढलं, विमानात बसले, त्यांची तारीख मागाहून काढून घेतली गेली. भारताच्या परराष्ट्र मंत्रालयानेही डिसेंबरअखेर सांगितलं, की अडकलेल्यांच्या तक्रारी आल्यात आणि दिल्ली व वॉशिंग्टन दोन्हीकडे हा विषय काढलाय.

आखातातला माणूस हे ऐकून चक्रावेल

'री-एन्ट्री' हा शब्द कोकणात नवा नाही. रत्नागिरी, रायगडमधल्या ज्या घरांतलं कुणी सौदीत आहे, तिथे 'एक्झिट री-एन्ट्री' सगळ्यांना माहीत असतं. सौदीत इकामावर काम करणाऱ्याला सुट्टीवर निघण्यापूर्वी बाहेर जायची आणि परत यायची परवानगी एकत्र काढावी लागते. ती नसेल तर विमानात बसता येत नाही. वर्षानुवर्षं ही परवानगी मालकाच्या हातात होती आणि त्यातून शोषणाच्या कहाण्याही घडल्या. २०२१ च्या सुधारणांनंतर बऱ्याच कामगारांना ती स्वतः ऑनलाइन मागता येते. संयुक्त अरब अमिरातीत वेगळा हिशेब: सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर रेसिडेन्स व्हिसा साधारणपणे रद्द धरला जातो.

या व्यवस्थेत माणसाला बांधून ठेवण्याचा दोष आहेच, आणि तो लहान नाही. पण एक गोष्ट स्पष्ट असते. सौदीतून निघालेल्या माणसाला दमामच्या विमानतळावरच माहीत असतं की कोणत्या तारखेपर्यंत परतायचं आहे. अमेरिका उलट आहे. जायला कुणी अडवत नाही, कुणाची सही लागत नाही. परत येता येईल की नाही हे मात्र निघून गेल्यावर कळतं.

ब्रिटनमध्ये वर्क व्हिसाची मुदत असेपर्यंत आतबाहेर करता येतं, आणि मुदत वाढली की तो ऑनलाइन ई-व्हिसातच दिसतो. म्हणजे व्हिसा आणि स्टेटसची अशी फारकत ही काही निसर्गाने घालून दिलेली गोष्ट नाही.

मग ग्रीन कार्ड का घेत नाहीत?

ही दुसरी हमखास कमेंट. नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण १ लाख ४० हजार ग्रीन कार्ड मिळतात आणि कोणत्याही एका देशाच्या लोकांना त्यातली साधारण ७ टक्क्यांपर्यंतच. भारत असो की आइसलँड, मर्यादा तीच. त्यामुळे भारतीयांच्या रांगेत २०२५ च्या अखेरीस ईबी-२ आणि ईबी-३ या दोन मुख्य प्रकारांत नंबर लागत होता तो २०१३ मध्ये रांगेत उभं राहिलेल्यांचा. आज रांगेत शिरणाऱ्याच्या पुढे ही सगळी वर्षं उभी आहेत. तोवर एच-१बीच वाढवत राहायचं, म्हणजे स्टॅम्पिंगही आलंच.

घरातल्या दुसऱ्या माणसाचं वेगळंच. एच-४वर असलेल्या जोडीदाराला, मुख्य अर्जदार ग्रीन कार्डच्या ठरावीक टप्प्यावर पोचला असेल तर, वर्क परमिट मिळतं, ज्याला सगळे ईएडी म्हणतात. २०१५ पासून ही सोय आहे आणि तिचा फायदा मुख्यतः भारतीय बायकांना झाला. नूतनीकरणाचा अर्ज वेळेत केला असेल तर जुन्या ईएडीची मुदत आपोआप ५४० दिवसांपर्यंत वाढायची. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या अर्जांना ही आपोआप वाढ मिळत नाही. कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर दुसऱ्या दिवसापासून काम थांबवायचं. म्हणजे ज्या घरात त्याचं स्टॅम्पिंग अडकलंय, तिथे तिचा पगारही त्याच हिवाळ्यात थांबू शकतो.

तिकीट काढण्याआधी

आम्ही वकील नाही, आणि प्रत्येकाची केस वेगळी असते. कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाशी बोलल्याशिवाय तिकीट काढू नये. पण काय विचारायचं हे माहीत असलं तर बोलणं सोपं होतं.

सगळ्यात आधी पासपोर्टवरच्या व्हिसाची तारीख बघायची. परतीच्या दिवशी तो चालू असेल, आय-७९७ हातात असेल, तर बरीचशी काळजी मिटते, कारण वकिलातीत जावंच लागत नाही. पहिल्या कंपनीच्या नावाचा व्हिसा चालू असेल आणि नवी कंपनी आय-७९७ देत असेल, तरी तो व्हिसा प्रवेशाला चालतो. हे अनेकांना माहीत नसतं आणि ते उगाच स्टॅम्पिंगच्या मागे लागतात.

पासपोर्टची मुदत मात्र दुर्लक्षित राहते. विमानतळावरचा अधिकारी पासपोर्ट संपतो त्या तारखेपर्यंतचीच आय-९४ देऊ शकतो, पेटिशन तीन वर्षांचं असलं तरी. लोक आय-७९७ वरची तारीख डोक्यात ठेवून राहतात आणि खरी तारीख आधीच उलटून गेलेली असते. प्रत्येक वेळी देशात शिरल्यावर आय-९४ ऑनलाइन उघडून बघायची. दोन मिनिटांचं काम आहे.

स्टेटस बदलण्याचा अर्ज प्रलंबित असताना, उदाहरणार्थ विद्यार्थी व्हिसावरून एच-१बीवर जाताना, देश सोडला तर तो बदल सोडून दिला असं धरलं जातं. ग्रीन कार्डचा शेवटचा अर्ज, आय-४८५, प्रलंबित असेल तर निघण्यापूर्वी ॲडव्हान्स परोल हवा. एच-१बी, एल-१ आणि त्यांच्या कुटुंबीयांना यात अपवाद आहे, पण परतायला व्हिसा चालू लागतोच.

जुनी पोलिस केस असेल, अगदी दारू पिऊन गाडी चालवल्याची आणि मिटलेली असली तरी, वकिलाला सांगायची. अशा अटकेनंतर परराष्ट्र खातं व्हिसा परस्पर रद्द करू शकतं. अमेरिकेत असताना त्याने लगेच काही बिघडत नाही, पण भारतात आल्यावर तोच व्हिसा परतीला चालत नाही. आणि मुलाखत झाली म्हणजे पासपोर्ट मिळालाच असंही नाही. २२१(जी)ची चिठ्ठी हातात पडली तर प्रकरण अधिक तपासणीला गेलं असा अर्थ. ते किती दिवस चालेल याची मुदत ठरलेली नसते.

तातडीची मुलाखत मागता येते, पण द्यायची की नाही हे वकिलात ठरवते, आणि 'माझी नोकरी जाईल' हे कारण पुरेसं धरलं जाईलच असं नाही.

हे सगळं वाचून अनेकांनी एकच निष्कर्ष काढलाय: जायचंच नाही. साखरपुडा व्हिडिओ कॉलवर, बारसं व्हिडिओ कॉलवर. वडील आयसीयूत असल्याचा फोन येतो तेव्हा हा हिशेब करायला एक रात्र मिळते. त्या रात्री एका बाजूला तिकिटाची साइट उघडी असते आणि दुसऱ्या बाजूला वकिलातीच्या तारखांची. याचं ओझं गावाकडच्या म्हाताऱ्या आईवडिलांवरही येतं. 'येऊ नकोस, तुझी नोकरी सांभाळ' हे त्यांनाच आधी म्हणावं लागतं.

एकेकाळी तिथल्या तिथे व्हायचं

हा त्रास टाळता येणारा आहे, याचा पुरावा अमेरिकेच्याच इतिहासात आहे. २००४ पर्यंत एच-१बीवाल्यांना व्हिसाचं नूतनीकरण अमेरिकेत बसून टपालाने करता येत होतं. पासपोर्ट परराष्ट्र खात्याला पाठवायचा, शिक्का मारून परत यायचा. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर व्हिसावर बोटांचे ठसे सक्तीचे झाले, ते घ्यायची सोय त्या कार्यालयात नव्हती, म्हणून जुलै २००४ मध्ये ही पद्धत बंद केली गेली. आज प्रत्येक अर्जदाराचे ठसे अमेरिकेकडे आधीपासून असतात.

२०२४ मध्ये एक प्रयोग झाला. २९ जानेवारी ते १ एप्रिल या काळात २० हजार जागांपुरती ही जुनी पद्धत पुन्हा सुरू केली. भारतात किंवा कॅनडात ठरावीक काळात व्हिसा मिळालेल्या एच-१बीवाल्यांनाच अर्ज करता येत होता, कुटुंबीयांना नाही. फी २०५ डॉलर. मुलाखत नाही, विमान नाही, सुट्टी नाही. ज्यांचा नंबर लागला त्यांचे पासपोर्ट टपालाने घरी आले. १ एप्रिल २०२४ ला त्याची मुदत संपली आणि त्यानंतर ती योजना पुढे सरकलेली नाही.